उलट्या पावली

रामनवमी होऊन दोन दिवस झाले की एकादशीला नाशिकच्या पंचवटीत रथ निघतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. ते नवमीलाच येऊन बसतात आणि रथ कुठाय म्हणून विचारतात. आधी गरुडरथ, त्यामागून रामाचा. दोर ओढायला तालमीची पोरं, पायाखाली दिवसभर तापलेला रस्ता, गच्च्यांवरून पडणारी फुलं. गल्लीच्या वळणावर चाक आता भिंतीला घासणार असा एक क्षण येतो. त्या क्षणासाठी लहानपणी आम्ही दुपारपासून ओट्यावर जागा धरून बसायचो. पण माझे डोळे चाकांवर नसायचे. ते असायचे रथापुढच्या बुवांवर. त्या वर्षीचे मानकरी पुजारीबुवा, पांढरे कपडे, हात जोडलेले, तोंड रथाकडे आणि पावलं उलटी. देवाला पाठ दाखवायची नाही, म्हणून सगळी वाट ते असेच चालतात.

‘आजी, बुवा पडले म्हणजे?’

‘पडतील कशाने? मागचे सांगतात ना.’

मागचे म्हणजे बुवांच्या पाठीमागचे, म्हणजे खरं तर रथाच्या पुढचे. या मागच्या-पुढच्याचा गोंधळ माझ्या डोक्यात बरीच वर्षं राहिला. आजी तो सोडवण्याच्या भानगडीत पडली नाही.

मोठेपणी मला नोकरी लागली ती दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये. पंचवटीतून सकाळची एसटी धरायची, दोन्ही बाजूंच्या बागा बघत जायचं, अंधार पडल्यावर परत. बावीस हंगाम केले. सुरुवात हिशेबाच्या टेबलावर झाली. तिसऱ्या हंगामात मालकांनी बोलावलं आणि म्हणाले, ‘उद्यापासून हॉल तुम्ही बघा.’ हॉल म्हणजे लांबलचक टेबलं, साठ-सत्तर बायका, प्रत्येकीच्या हातात बारीक तोंडाची कात्री. बागेतून क्रेटांमध्ये घड यायचे. त्यातला फुटका, बारीक, डागाळलेला मणी कापून काढायचा, घड पिशवीत, पिशव्या पेटीत, वर ग्रेपगार्डचा कागद, मग पेटी प्रीकूलिंगला, मग कोल्ड स्टोरेजला आणि शेवटी कंटेनरने न्हावाशेवा. बायका काही आसपासच्या गावांतल्या, काही पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या आलेल्या. ‘बघा’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे मालकांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं तर हिला जमणार नाही असं वाटेल, ही भीती. बढतीच्या दिवशी कोण प्रश्न विचारतं?

पहिल्या सकाळी मी टेबलाच्या टोकाशी उभी राहिले आणि म्हणाले, ‘मावशी, काकू, माल युरोपला जायचाय. एकदम स्वच्छ घड पाहिजे.’ झालं माझं भाषण. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुपारी तीनच्या सुमाराला तपासणीवाल्याने मला आत बोलावलं. समोर सहा पेट्या उघड्या होत्या आणि त्यातले मणी काचेच्या गोट्यांसारखे चमकत होते. खरं सांगते, मला आधी अभिमानच वाटला. मग त्याचा चेहरा पाहिला.

द्राक्षाच्या मण्यावर एक पांढुरकी, मेणासारखी लव असते. वेलाने स्वतःच चढवलेली. ती मण्यातलं पाणी आत धरून ठेवते. बोट लागलं की तेवढी जागा उघडी पडते आणि पुन्हा भरून येत नाही. आमच्याकडे सगळे तिला ब्लूमच म्हणतात. तिकडचा खरेदीदार पेटी उघडली की आधी ती शाबूत आहे का ते बघतो, कारण ती असली म्हणजे मालाला फार हात लागलेले नाहीत. आमच्या बायकांनी ती पुसून काढली होती. सकाळपासून. एकेक घड ओल्या फडक्याने, काहींनी तर पदराने.

मी तणतणत हॉलमध्ये गेले. काय बोलले ते आठवत नाही, आणि आठवत नाही हे बरं आहे. पेठकडच्या एक मावशी होत्या, टेबलाच्या मधोमध बसायच्या. कात्री खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, ‘तुम्हीच म्हनल्या व्हत्या ना ताई, सोच्छ पायजे. ती पांढरी भुकटी औषिदाची ना? मंग ती खानाऱ्याच्या पोटात जाऊ द्यायची का?’

मावशी बागांमधून काम करून आलेल्या. फवारणीनंतर पानांवर, घडांवर बसलेला पांढरा थर त्यांनी उन्हात उभं राहून पाहिलेला. त्यांनी माझं वाक्य घेतलं, आपल्या माहितीशी ताडून पाहिलं, खाणाऱ्याचाही विचार केला आणि मग फडकं उचललं. त्या हॉलमध्ये त्या दिवशी विचार असा त्यांनीच केला होता. मी फक्त एक विशेषण फेकलं होतं.

त्यानंतर काही दिवस मला छंदच जडला, वरची माणसं खालच्यांना काय सांगतात ते ऐकायचा. पॅकहाऊसमध्ये, बँकेत, लग्नाच्या मांडवात. ‘जरा नीट करा.’ ‘लक्ष असू द्या.’ ‘नेहमीसारखंच.’ ‘तुम्हाला काय वेगळं सांगायचं?’ आणि सगळ्यांचा मुकुटमणी, ‘बघून घ्या.’ यातल्या एकाही वाक्यात काम नाही, मात्र चूक झाली तर बोट दाखवायला जागा ठेवलेली आहे. आपल्यात न सांगता समजणाऱ्याचं कौतुक फार. सून समजूतदार हवी, नोकर इशाऱ्यावर चालणारा हवा. स्पष्ट सांगणं म्हणजे थोडं उद्धटपणाचंच. शहाण्याला शब्दाचा मार, असं आपण म्हणतो. पण त्या शब्दाचा अर्थ काय, हे मात्र मार खाणाऱ्याने शोधायचं.

दुसऱ्या दिवशी मी दोन घड घेऊन टेबलाभोवती फिरले. हा चालेल, हा नाही. असा देठाला धरायचा, मण्याला बोट नाही. माप घ्यायची रिंग दाखवली, १६ मिलिमीटरच्या आतला मणी नको. हे सोपं होतं. अवघड होता मावशींचा पुढचा प्रश्न. ‘पिवळा झालेला घड ग्वाड लागतो. मंग हिरवा कशापायी धाडायचा?’ याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. मी मालकांना विचारलं, त्यांनाही ते नीट ठाऊक नव्हतं. खरेदीदाराने कळवलंय एवढंच. काय हवं ते सांगायचं तर कशासाठी हवं ते आधी स्वतःला माहीत पाहिजे, आणि इथे वरपासून खालपर्यंत सगळे एकमेकांना नुसतं कळवत होते. पुढे २०१० साली आपल्या द्राक्षांत युरोपला क्लोरमेक्वाटचा अंश सापडला, कंटेनर तिकडे अडकले आणि नाशिकचे बागाईतदार कर्जात बुडाले. वेलीची वाढ रोखायला ते संजीवक वर्षानुवर्षं वापरात होतं. त्याचा अंश तपासायला हवा, हे आमच्या ध्यानात आलं ते माल अडकल्यावर. त्याआधी कुणी ‘कशापायी’ विचारलं असेल तर ते टेबलाच्या मधोमध बसणाऱ्या कुणीतरी, आणि तो प्रश्न कुणी लिहून घेतला नसणार.

याच दिंडोरी तालुक्यात आंबे नावाचं गाव आहे. भाऊराव कृष्णराव गायकवाड, ज्यांना सगळा महाराष्ट्र दादासाहेब म्हणतो, ते १५ ऑक्टोबर १९०२ ला तिथे जन्मले. नाशिकमध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे. मी त्यात नाटकं, सत्कार, पुस्तक प्रकाशनं पाहिली आणि चाळिशी उलटेपर्यंत दारावरच्या नावाकडे पत्त्यापलीकडे लक्ष दिलं नाही. काळारामाच्या गल्लीत वाढलेल्या बाईने हे कबूल करणं शोभत नाही, पण तसं आहे खरं.

काळारामाचं देऊळ पेशवाईतलं, सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं. काळा दगड, चार दिशांना चार दरवाजे. १९३० साली नाशिकच्या सत्याग्रह समितीने विश्वस्तांना कळवलं की मंदिर अस्पृश्यांना खुलं करा, नाहीतर सत्याग्रह होईल. समितीचे चिटणीस होते भाऊराव, वय सत्तावीस. २ मार्चला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली सकाळी परिषद झाली. सुमारे पंधरा हजार माणूस जमलं होतं. दुपारी चौघाचौघांच्या रांगा करून मिरवणूक निघाली, जवळजवळ मैलभर लांब. नाशिकने तोवर तेवढी मोठी मिरवणूक पाहिलेली नव्हती. दरवाजे बंद होते. मिरवणूक वळून गोदावरीच्या घाटावर गेली, तिथे सभा झाली आणि रात्री पुढचं ठरलं. ३ मार्चला चार दरवाजांशी पहिली तुकडी बसली, १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. साबरमतीहून दांडीकडे पहिलं पाऊल पडायला अजून नऊ दिवस होते.

हे आकडे मी हॉल सांभाळलेल्या बाईच्या नजरेने वाचते. पंधरा हजार जमलेत आणि बसायचं आहे दीडशेंनी. म्हणजे उरलेल्या हजारोंना कुणीतरी सांगितलं असणार की तुम्ही आज नाही. तुमची पाळी येईल. तोवर थांबायचं. शिवी आली, दगड आला, तरी हात उचलायचा नाही. आणि हे ज्यांना सांगायचं ते काही पगारी नोकर नव्हते. रोजगार बुडवून, भाकरी बांधून, गावच्या पाटलाचा रोष पत्करून आलेली माणसं होती. ‘शांततेने घ्या’ एवढ्यावर ते निभावलं नसतं. कुणी, किती, कुठल्या दरवाजाशी, कधीपर्यंत, हे सगळं ठरवावं लागलं असणार, आणि ठरलेलं शेवटच्या माणसाच्या कानापर्यंत न्यावं लागलं असणार. ही दुसरी गोष्ट भाऊरावांची.

पण माझं मन अडकतं ते त्याआधीच्या, २ मार्चच्या भाषणापाशी. आंबेडकरांनी जमलेल्यांना सांगितलं की मंदिरात गेल्याने आपले प्रश्न सुटणार नाहीत. प्रश्न राजकीय आहेत, सामाजिक आहेत, आर्थिक आहेत. आतला देव दगडाचा आहे हे आपल्याला कळतं. ही परीक्षा आहे ती हिंदू मनाची, ते आपल्याला माणूस मानायला तयार आहे की नाही याची. एवढी माणसं दारात उभी करून पहिल्याच दिवशी म्हणायचं, की दार उघडलं तरी काम झालं असं समजू नका! मालकांनी मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं की हॉल बघून पॅकहाऊस चालत नाही, तसं काहीतरी. लोकांचा उत्साह ओसरेल या भीतीने असली वाक्यं सहसा कुणी बोलत नाही.

महिनाभराने रथ आला. ९ एप्रिल, चैत्रातली एकादशी. दोन्हीकडच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा, असं आदल्या बोलण्यात ठरलं होतं. पण सत्याग्रहींचे हात दोराला लागायच्या आत रथ पुढे पळवण्यात आला आणि दगडफेक सुरू झाली. भास्कर कद्रेकर नावाचा तरुण पोलिसांचं कडं फोडून आत घुसला आणि रक्तबंबाळ होऊन पडला. आंबेडकरांनाही लागलं.

म्हणजे तोच रथ. तीच पंचवटी. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, याच घरात. तिने मला रथाच्या शंभर गोष्टी सांगितल्या: कुठल्या साली दोर तुटला, कुठल्या साली वळणावर चाक अडकलं. १९३० बद्दल तिचं एकच वाक्य होतं, ‘त्या वर्षी आम्हाला ओट्यावर येऊ दिलं नाही.’ आमच्या घरातले पुरुष त्या दिवशी कुठे होते, दोराशी, गच्चीवर की दगडांच्या ढिगाजवळ, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. तिला जाऊन तीस वर्षं झाली. विचारायला शिकलं पाहिजे असं मी हॉलमध्ये नव्या पोरींना सांगत आले, आणि घरातला हा एक प्रश्न तसाच ठेवला.

त्याच वर्षी आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. नाशिक भाऊरावांवर होतं. एक वर्ष नाही, दोन नाही. दर वर्षी चैत्र जवळ आला की पुन्हा तयारी, पुन्हा माणसं गोळा करणं, पुन्हा अटका. आणि दरवाजाशी बसणाऱ्यांपेक्षा जास्त किंमत मोजत होती ती खेड्यांतली त्यांची घरं, जिथे सत्याग्रहाचा राग गावकीने त्यांच्यावर काढला. पुढारी मुंबईत, कधी लंडनला, बातमी पत्राने. अशा वेळी मधल्या माणसाचे हाल मला चांगले माहीत आहेत. वरून आलेला शब्द धूसर असला तर तो खाली नेताना मधला माणूस आपल्या समजुतीने त्याचा अर्थ लावतो, आणि मग तो अर्थ त्याच्याच गळ्यात पडतो.

१९३४ चा चैत्र जवळ आला तेव्हा भाऊरावांनी विचारलं, यंदा सत्याग्रह करायचा ना? आंबेडकरांचं उत्तर ३ मार्चचं आहे. चार दरवाजांशी पहिली तुकडी बसली त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं होत होती. हे दोघांपैकी कुणाच्या मनात आलं असेल का, कोण जाणे. पत्राचा आशय असा: सत्याग्रह करू नका, तो आता थांबलेला बरा. आपल्या माणसांनी मूर्तीची पूजा करावी म्हणून मी ही चळवळ सुरू केली नव्हती, किंवा देवळात गेल्याने ते समान होतील असंही मला वाटत नव्हतं. त्यांना जागं करायला, आपण कुठे उभे आहोत याचं भान द्यायला तो उत्तम मार्ग वाटला. ते काम झालं आहे. आता ताकद आणि साधनं शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवली पाहिजेत.

कुणाला यात पश्चातबुद्धी दिसेल. हरलेला माणूस मागाहून म्हणतो की मला जिंकायचंच नव्हतं, तसलं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मग २ मार्चचं भाषण या पत्राशेजारी ठेवून पाहिलं. पहिल्या दिवशी जे मोजायचं ठरवलं होतं, चार वर्षांनी तेच मोजलेलं आहे. बॅरिस्टर माणूस, विरुद्ध बाजूच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेणं त्यांच्या पेशातच होतं. इथे त्यांनी पिंजऱ्यात उभी केली ती स्वतःची, स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी, चार वर्षं रक्त आटवलेली चळवळ. चळवळ बंद पडणं वेगळं. ती आपोआप पडते: माणसं कमी होत जातात, पत्रकं निघत नाहीत, आणि एक दिवस कुणालाच आठवत नाही की शेवटची बैठक कधी झाली. चळवळ थांबवणं ही निराळी गोष्ट आहे. त्यासाठी कुणीतरी बसून तसं लिहावं लागतं.

महाडलाही त्यांनी हे केलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्यावर पुन्हा पाणी घ्यायला हजारो माणसं जमलेली, आणि कोर्टाचा मनाईहुकूम आलेला. लोक तुरुंगात जायला तयार होते. पेटलेल्या सभेला पुढे रेटणं काही कठीण नसतं. आंबेडकरांनी सगळी स्थिती सभेपुढे मांडली, सत्याग्रह तहकूब केला, आणि तळ्याचा हक्क कोर्टात लढवला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ मध्ये. नऊ वर्षांहून जास्त!

तरी त्या पत्राबद्दल एक गोष्ट मला बोचते. दरवाजाशी बसलेल्यांत अशा बायका नक्की असतील ज्यांना खरोखरच रामाला बघायचं होतं. परीक्षा वगैरे काही नाही, डोळे भरून राम. जन्मभर ज्याचं नाव घेतलं तो आत काळ्या दगडात कसा दिसतो, हे बघायचं होतं. पुढाऱ्याने ‘कशासाठी’ कितीही स्वच्छ सांगितलं तरी प्रत्येक जण आपापलं ‘कशासाठी’ गाठोड्यात बांधून घेऊन येतोच. आंबेडकरांचं पत्र भाऊरावांना होतं. त्या बायकांना जाऊन सांगायचं होतं भाऊरावांनी. तेरा-चौदाव्या दिवशी खांदा दुखायला लागलेल्या, नवऱ्याचा रोजगार गेलेल्या एखाद्या आजीसमोर ते कसे बसले असतील, कुठल्या शब्दात त्यांनी सांगितलं असेल की मावशे, आता नाही जायचं? पत्राची प्रत जपली गेली. ते संभाषण कुणी जपलं नाही. मला दोन्हींतलं एक निवडायला सांगितलं तर मी ते संभाषण ऐकायला जाईन.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, परिषद झाली. मंदिरप्रवेशाचा हा लढा तिथे जाहीरपणे संपला आणि हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा तिथेच झाली. नागपूरची दीक्षा एकवीस वर्षांनी. भाऊराव तेव्हाही बरोबर होते. पुढे लोकसभेत, राज्यसभेत गेले आणि साठच्या दशकात भूमिहीनांच्या जमिनीसाठी त्यांनी देशभर सत्याग्रह उभा केला. देवळाच्या दारातून उठलेला माणूस शेताच्या बांधावर जाऊन बसला, असं मी माझ्यापुरतं त्याचं चित्र काढते. बागांमधून एसटी जात असते तेव्हा ते चित्र सोपं जातं.

माझ्या हॉलची एक गोष्ट राहिली. सांगायची नव्हती, पण एवढं लिहिल्यावर लपवणं बरं नाही.

एका हंगामात आमचा वजनकाटा दगा द्यायचा. पेटी पंधरा-वीस ग्रॅमने कमी-जास्त दाखवायचा. मी नियम केला: प्रत्येक पेटी दोनदा तोलायची, एकदा या काट्यावर, एकदा कोपऱ्यातल्या जुन्या काट्यावर, दोन्ही आकडे वहीत. या वेळी मी शहाणी झालेली होते. काय करायचं ते सांगितलं, का करायचं तेही सांगितलं, स्वतः दहा पेट्या तोलून दाखवल्या. पुढच्या हंगामात नवा काटा आला. उत्तम, बिनचूक. मी मनात म्हटलं, सुटलो.

मनात म्हटलं. हॉलमध्ये नाही.

दोन हंगाम बायका प्रत्येक पेटी उचलून कोपऱ्यापर्यंत नेत होत्या आणि परत आणत होत्या. पाच किलोची पेटी, दिवसाला शेकड्यांनी, पहाटेच्या गारठ्यात. वहीत दोन रकाने भरत होते आणि दोन्हींत तोच आकडा. वही माझ्याच टेबलावर यायची, मी सही करायची. तिसऱ्या हंगामात एका नव्या पोरीने विचारलं की हे दुसऱ्यांदा कशाला, तेव्हा मला उमगलं. मी ओशाळून मावशींकडे गेले. तोवर त्यांचे केस पिकले होते. म्हटलं, ‘मावशी, तुम्ही तरी विचारायचं. काटा तर कधीचा बदललाय.’

त्यांनी कात्री खाली ठेवली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच.

‘आमाला वाटलं, तुमचं काय तरी आसंल ताई. सुरू तुम्ही केलं व्हतं. बंद बी तुम्हीच सांगनार ना?’

यंदाच्या चैत्रात मी ओट्यावर बसून रथ पाहिला. नातीला मांडीवर घेतलं होतं, तिला चाकं बघायची होती. बुवा आले, हात जोडलेले, डोळे रथावर, टाचा आधी टेकवत, मग चवडे. आमच्या ओट्याजवळ रस्त्याला एक बारीकशी पायरी आहे, गटाराच्या झाकणापाशी, नव्या माणसाला दिसत नाही. बुवांच्या पाठीशी एक पोरगा चालत होता, सोळा-सतरा वर्षांचा, घामाने निथळलेला. त्याने पुढे होऊन त्यांच्या पाठीला तळवा लावला आणि कानाशी म्हणाला, ‘बुवा, पायरी.’ बुवांनी मान हलवली नाही. डावा पाय मागे नेला, हवेत जरासा धरला आणि बोटभर खाली टेकवला.